गोव्यात गादी घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गादीविषयीचे प्रश्न दोन वेळा ढिगाने येतात : चवथीला मुंबई-पुण्याची माणसे घरी यायची असतात तेव्हा, आणि लग्नसराईत. पेडण्यापासून काणकोणापर्यंतचे वाचक जे पुन्हा पुन्हा विचारतात तेच इथे घेतले आहे. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एकदा सांगितलेले परत सांगितलेले नाही, त्या जागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कापूस, कॉयर, फोम, बॉण्डेड, स्प्रिंग, लेटेक्स… दुकानात डोके गरगरते. यांत फरक काय?

कापूस सगळ्यांना माहीत आहे. कॉयर म्हणजे सोडणाचा काथ्या. तो पिंजून, त्यावर रबराचा चीक फवारून आणि तापवून त्याचे ताठ थर करतात. काथ्याच्या मध्ये पोकळी राहते, म्हणून त्यातून हवा खेळते.

पीयू फोम हा नेहमीचा स्पंज. त्यात हलका-भारी असा मोठा फरक असतो (प्रश्न ७). बॉण्डेड किंवा रीबॉण्डेड फोम म्हणजे कारखान्यातले उरलेले फोमचे तुकडे गोंदाने दाबून केलेली लादी. कापल्यावर रंगीबेरंगी ठिपके दिसतात. हा टाकाऊ माल आहे असे समजू नका, कडक आणि टिकाऊ थरासाठी तो उत्तम असतो. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि हात काढल्यावर खड्डा सावकाश भरतो.

स्प्रिंगचे दोन प्रकार आहेत. बोनेलमध्ये सगळ्या स्प्रिंगा एकमेकींना तारेने बांधलेल्या असतात, त्यामुळे एक जण वळला की दुसरा हलतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते. लेटेक्स म्हणजे रबराचा चीक फेटून, साच्यात भाजून केलेला फेस. तो लवचीक, जड आणि महाग असतो. 'नॅचरल लेटेक्स' लिहिलेले असले तरी वरचा एकच इंच लेटेक्सचा आणि खाली सगळा फोम, असे पुष्कळदा निघते. कोणता थर किती इंचांचा, ते कागदावर लिहून मागा.

२. आपल्या हवेत कुठली टिकते?

खरा प्रश्न हाच आहे, आणि बाहेरगावच्या जाहिरातींत त्याचे उत्तर सापडत नाही. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा हवेत इतका ओलावा असतो की अंगाचा घाम गादीत उतरतो आणि तिथेच राहतो. गादी झिजण्याआधी कुबट होते.

एसी नसलेल्या खोलीत आमची पहिली पसंती साध्या मिश्रणाला आहे : खाली कॉयर किंवा बॉण्डेडचा ४ इंचांचा थर, वर १ ते २ इंच बऱ्यापैकी घनतेचा फोम आणि सुती कापडाचा अभ्रा. निव्वळ मेमरी फोम अशा खोलीत टाळा. उष्णतेने तो जास्तच मऊ पडतो, अंग आत रुतते आणि पाठीला वारा लागत नाही. फोममध्ये मिसळलेल्या 'जेल'चा थंडावा पहिल्या काही मिनिटांपुरता असतो, नंतर जेलही अंगाइतकेच तापते. एसी रोज चालत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कोणतीही गादी चालते. मात्र थंड खोलीत मेमरी फोम पहिली पाच-दहा मिनिटे कडक लागतो, तो दोष समजू नका.

कांदोळी, मोरजी, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत स्वस्त बोनेल स्प्रिंग घेऊ नका. खाऱ्या दमट हवेने तार गंजते, मग कुरकुर सुरू होते. लेटेक्स ओलावा सोसतो, पण जड असल्यामुळे ते उचलून वाळवायला दोन माणसे लागतात. हेही घेण्याआधी डोक्यात असू द्या.

३. पाठ दुखते. मग दगडासारखी कडक गादीच घ्यायची ना?

नाही. लाकडी फळीवर झोपण्याचा सल्ला घरोघरी मिळतो, पण २००३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या स्पेनमधल्या चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांना काही कडक, तर काही मध्यम कडक गादीवर झोपवले होते. तीन महिन्यांनी मध्यम कडकवाल्यांचा त्रास अधिक कमी झालेला होता. फार कडक गादीवर खांदा आणि कुल्ला टेकतात, कंबर मात्र अधांतरी राहते. फार मऊ गादीत कुल्ला बुडतो आणि कणा झोळीसारखा वाकतो. दोन्हींच्या मधली कशी ओळखायची ते प्रश्न ५ मध्ये आहे. दुखणे पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा.

४. 'ऑर्थोपेडिक' गादी म्हणजे डॉक्टरांनी मान्य केलेली असते का?

तो विक्रीचा शब्द आहे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'आत बॉण्डेड किंवा कॉयर आहे, म्हणून कडक आहे' इतकाच असतो. त्या शब्दासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, आतले थर विचारा.

५. दुकानात सगळ्यांसमोर आडवे व्हायला संकोच वाटतो. हाताने दाबून कळत नाही का?

नाही कळत. हात वरचा एखादा इंच दाबतो, अंग सगळे थर दाबते. चपला काढा आणि ज्या कुशीवर रोज झोपता त्याच कुशीवर निदान दहा मिनिटे पडा. घरी येऊन पस्तावत बसण्यापेक्षा ते बरे.

उताणे झोपून कंबरेखाली तळहात सरकवा. हात सहज आरपार जात असेल तर गादी कडक आहे. हात घुसतच नसेल आणि कूस बदलायला जोर लावावा लागत असेल तर ती मऊ आहे. थोडा अडत, पण जात असेल तर बरोबर. मग कुशीवर वळा आणि बरोबरच्या माणसाला मागून बघायला सांगा : मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ जमिनीला समांतर दिसली पाहिजे. शेवटी काठावर बसा. काठ चेपून घसरायला होत असेल तर म्हाताऱ्या माणसांसाठी ती गादी नको.

संध्याकाळी दमून जाऊ नका, तेव्हा सगळ्याच गाद्या छान वाटतात. सकाळी जा, आणि घरची उशी बरोबर न्या. पांढऱ्याशुभ्र जाड उशीवर डोके ठेवले की गादी आहे त्यापेक्षा चांगली वाटते, हे दुकानदाराला ठाऊक असते.

६. किती इंचांची घ्यावी? आठ-दहा इंच म्हणजे जास्त आराम का?

एकट्या सडपातळ माणसाला किंवा शाळकरी मुलाला ५ इंच पुरतात. ८० किलोपर्यंतच्या माणसांना ६ इंच. त्याहून भारी माणूस असेल किंवा स्प्रिंग घ्यायची असेल तर ८ इंच. दहा इंचांत वरचे दोन-तीन इंच बहुधा हलक्या फोमचे असतात. ते आधी बसतात, आणि त्यांचेच पैसे सर्वांत जास्त मोजलेले असतात. शिवाय नेहमीच्या चादरी दहा इंचांवर खोचल्या जात नाहीत, म्हणजे तो आणखी एक खर्च.

उंचीही मोजा. पलंग आणि गादी मिळून जमिनीपासून १८ ते २१ इंच आले की गुडघेदुखीच्या माणसाला उठबस सोपी जाते. जुना उंच पलंग असेल तर ४ किंवा ५ इंचीच बरी.

७. फोमची 'डेन्सिटी' म्हणजे काय, आणि दुकानदार सांगतो ती खरी हे कसे ओळखायचे?

पैसे इथेच जातात, म्हणून हे सविस्तर.

घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती किलो. रोज झोपायच्या गादीत साधा पीयू फोम ३२ च्या खाली नको, ४० असेल तर उत्तम. मेमरी फोम ५० च्या पुढे हवा. बॉण्डेड ८० ते १०० किंवा त्याहून जास्त असतो. २० ते २३ घनतेचा फोम सोफ्याच्या पाठीला ठीक आहे. गादीत घातला तर वर्षा-दोन वर्षांत खड्डा पडतो, कारण त्यात माल कमी आणि हवा जास्त असते.

घनता आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. हलका फोमही रसायनांनी कडक करता येतो, तो दुकानात छान ताठ लागतो आणि घरी लवकर बसतो. म्हणून दाबून घनता कळत नाही, वजनाने कळते. हिशेब असा :

लांबी × रुंदी × जाडी (सगळे इंचांत) ÷ ६१,००० = घनमीटर. त्याला घनतेने गुणा, किलो मिळतात.

उदाहरणार्थ ७८ × ६० × ६ इंचांची निव्वळ फोमची गादी. गुणाकार २८,०८०, म्हणजे सुमारे ०.४६ घनमीटर. घनता ३२ असेल तर फोमचे वजन १४.७ किलो, ४० असेल तर १८.४ किलो. अभ्र्याचे दोनेक किलो वर धरा. दुकानदार '४० डेन्सिटी' म्हणतो आणि काटा १३ किलो दाखवतो, तर काय ते समजा.

मिश्र गादीत थर वेगवेगळे मोजायचे. त्याच मापात ४ इंच बॉण्डेड ९० घनतेचा म्हणजे सुमारे २७.६ किलो, वर २ इंच फोम ३२ चा म्हणजे ४.९ किलो. अभ्र्यासकट गादी ३४-३५ किलोंची झाली पाहिजे. इतक्या वजनाची गादी एका माणसाने खांद्यावर टाकून जिना चढवली, तर आतला थर पुन्हा मोजा.

वजन कसे करायचे? घरातला माणसांचा वजनकाटा न्या आणि गादी त्यावर उभी धरा, किंवा ती उचलून माणसाने काट्यावर उभे राहायचे आणि नंतर त्याचे वजन वजा करायचे. ऑनलाइन मागवताना वजन मालाच्या वर्णनात किंवा खोक्यावरच्या चिठ्ठीवर सापडते. अभ्र्याला चेन असेल तर उघडून थर बघा, नसेल तर कापलेला नमुना मागा. चांगल्या दुकानांत तो ठेवलेला असतो. स्प्रिंग, कॉयर आणि कापसाला हा हिशेब लागू नाही.

८. मग चांगल्या गादीला किती पैसे मोजावेत?

आकडा दर महिन्याला बदलतो, उतरंड बदलत नाही. साधारणपणे साधा फोम सर्वांत स्वस्त, मग कॉयर आणि बॉण्डेडची मिश्रणे, मग पॉकेट स्प्रिंग आणि मेमरी फोम, शेवटी लेटेक्स. त्याच मापाच्या साध्या फोमच्या दुप्पट-तिप्पट पैसे लेटेक्सला सहज लागतात.

एकाच प्रकारच्या दोन गाद्यांत निवडायचे असेल तर किलोमागे भाव काढा. समजा दोन्ही दुकाने '४ इंच बॉण्डेड, २ इंच फोम' सांगत आहेत. एक गादी १४,००० रुपयांची, वजन ३४ किलो. दुसरी १३,००० ची, वजन २३ किलो. पहिली किलोला सुमारे ४१२ रुपये पडली, दुसरी ५६५. हजार रुपये वाचवायला गेलात तर महाग माल घरी आला. वेगळ्या प्रकारांत मात्र ही तुलना करू नका, बॉण्डेड जडच असतो.

पाहुण्यांच्या खोलीला, जिथे वर्षातून पंधरा दिवस कोणी झोपते, भारी गादी लागत नाही. तिथले पैसे रोजच्या गादीत घाला.

९. 'फ्लॅट ५० टक्के सूट आणि दोन उशा मोफत' हे खरे असते का? चवथीपर्यंत थांबू का?

छापील किंमत आधीच फुगवलेली असेल तर सूट कागदावरच असते. तुम्ही खिशातून किती द्यायचे तेवढाच आकडा दोन-तीन दुकानांत विचारा. म्हापसा, मडगाव, फोंडा यांपैकी जिथे सोयीचे तिथे एकाच दिवशी फिरता येते. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, म्हणून 'सूट इतकी, वर जीएसटी वेगळा' अशी भाषा आली की 'घरपोच, सगळे धरून किती?' एवढेच म्हणा.

'उशा नकोत, त्यांचे कमी करा' हे वाक्य दर वेळी चालते असे नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. भाव उतरत नसेल तर वाहतूक, माडीवर चढवणे आणि जुनी गादी उचलून नेणे मागून घ्या. प्रदर्शनात ठेवलेला नग स्वस्तात देत असतील तर शिक्क्यावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष बघा. एका पावसाळ्याहून जास्त काळ दुकानात काढलेला नग नको.

चवथीच्या आधी सवलती असतात, पण मालही धडाधड उचलला जातो आणि पोचायला उशीर होतो. घाई नसेल तर दिवाळीनंतर कोरड्या हवेत घ्या. भर पावसात उघड्या टेम्पोतून आलेली गादी ओली उतरवून घेऊ नका.

१०. ऑनलाइन स्वस्त मिळते. शंभर रात्रींची चाचणीही देतात. मग दुकानात कशाला जायचे?

ऑनलाइन वाईट नाही, फक्त अटी वाचा. मागवण्याआधी ४०३ ने सुरू होणारा तुमचा पिनकोड टाकून दोन गोष्टी तपासा : माल पोचतो का, आणि परत न्यायला येतात का. पणजीत जे मिळते ते सत्तरीतल्या किंवा सांग्यातल्या आतल्या वाड्यावर मिळेलच असे नाही. परताव्याचे पैसे पूर्ण मिळतात की वाहतूक कापून, किमान किती रात्री झोपायची अट आहे, डाग पडला तर चाचणी रद्द होते का, हेही बघून घ्या. पहिल्या रात्रीपासून प्रोटेक्टर घाला (प्रश्न १५). खास मापात करून घेतलेली गादी बहुतेक कंपन्या परत घेत नाहीत.

मधला मार्ग : दुकानात झोपून कडकपणा ठरवा, ऑनलाइन भाव बघा, मग दुकानदाराला तो भाव दाखवा.

११. खोक्यातून आलेली गुंडाळलेली गादी फुगली नाही, आणि वास येतो. परत करू का?

घाई नको. हवा काढून दाबलेल्या फोमला पूर्ण आकार घ्यायला २४ ते ७२ तास लागतात. खोलीचा पंखा लावा, खिडक्या उघडा आणि एक-दोन वेळा गादीवर हलके चालून कोपरे मोकळे करा. नव्या फोमचा वास काही दिवसांत जातो. तीन दिवसांनी प्रत्येक काठ मोजा. अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर टेप लावून फोटो काढा आणि तक्रार करा. वास रसायनाचा नसून कुबट असेल तर थांबू नका, माल आधीच भिजलेला आहे.

खोके आणून महिनोन्महिने न उघडता ठेवणे ही नेहमीची चूक आहे. नव्या घरासाठी आगाऊ मागवलेली गादी अशीच बिघडते.

१२. 'क्वीन' म्हटले तरी तीन मापे सांगतात. आणि आजोबांच्या शिसवी पलंगाचे माप कशातच बसत नाही.

कंपन्यांची लांबी ७२, ७५ किंवा ७८ इंच असते. रुंदी एकेरीला ३६, लहान दुहेरीला ४८, क्वीनला ६० आणि किंगला ७२. नावावर जाऊ नका. पलंगाचा आतला भाग डोक्याकडे, मध्ये आणि पायथ्याला अशा तीन ठिकाणी मोजा, जुन्या लाकडी पलंगांत ही तीन मापे जुळत नाहीत. सर्वांत लहान माप धरा आणि त्यातून अर्धा इंच कमी करून सांगा. दाबून बसवलेली गादी मध्ये फुगते.

जुन्या पलंगाला चारी कोपऱ्यांत खांब असतील तर गादीचे कोपरे कापावे लागतात. कॉयर, फोम आणि कापसात ते जमते, स्प्रिंगमध्ये नाही. उंच माणसाने आपल्या उंचीत ५-६ इंच मिळवून लांबी ठरवावी.

वाटही मोजा. फोंतेन्यासारख्या जुन्या वस्तीतल्या अरुंद जिन्यावरून ७२ इंच रुंद स्प्रिंगची गादी वळत नाही, आणि वाकवली तर मोडते. अशा घरात ३६ इंचांच्या दोन एकेरी गाद्या शेजारी घाला.

१३. गादीच्या खालच्या बाजूला काळे ठिपके आले आहेत. गादी खराब निघाली का?

बहुधा दोष पलंगाचा आहे. सामान ठेवायच्या बंद पेटीच्या पलंगावर सलग प्लायवूड असते. अंगाची वाफ गादीतून खाली उतरते, प्लायला लागून थांबते आणि बुरशी धरते. जमिनीवर गादी कायम पसरून ठेवल्यानेही हेच होते.

प्लायला दर ८-१० इंचांवर एक इंचाची भोके पाडून घ्या, सुताराचे तासाभराचे काम आहे. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांतली फट तीन इंचांहून जास्त नको, नाहीतर फोम त्यात बसतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गादी भिंतीला उभी टेकवून पंख्याखाली दोन तास ठेवा. सकाळी उठल्याउठल्या चादर घट्ट आवरू नका, तासभर उघडी राहू द्या. एसी असेल तर 'ड्राय' मोडवर चालवा.

वरवर आलेले ठिपके तोंडाला फडके बांधून, घराबाहेर ब्रशने झाडा आणि पिळलेल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. बुरशी आत गेली असेल, म्हणजे वाळवूनही वास येत असेल, तर ती गादी दमेकऱ्याच्या खोलीत ठेवू नका.

१४. आई सांगते गादी कडक उन्हात घाल. फोमलाही चालते का?

कापसाला आणि कॉयरला चालते, आईचे बरोबर. फोम आणि लेटेक्सला कडक ऊन लावू नका. फोम पिवळा पडून भुगा होऊ लागतो, लेटेक्सला चिरा जातात. त्यांना वसरीत, सावलीतला वारा द्या. कॉयर उचलताना कधीही दुमडू नका, आतला थर एकदा तुटला की जुळत नाही. उचललीच आहे तर डोक्याची बाजू पायाकडे करा, दर तीन महिन्यांनी. वर वेगळा मऊ थर असलेली गादी फिरवायची, उलटायची नाही.

१५. प्रोटेक्टर लागतोच का? प्लॅस्टिकच्या आवरणातच ठेवली तर?

कारखान्याचे प्लॅस्टिक पहिल्याच दिवशी काढा, त्यात घाम कोंडतो आणि प्रश्न १३ ची सुरुवात होते. प्रोटेक्टर मात्र घ्याच. वर सुती टेरी कापड आणि खाली पातळ, वाफ जाऊ देणारा जलरोधक थर असा हवा. रबरी चटईसारखा सरसर वाजणारा घेतलात तर रात्रभर घामाघूम व्हाल. दोन घ्या, पावसात एक वाळायलाच दोन दिवस लागतात. धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असेल तर चादरी ५५ ते ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, साध्या धुण्याने ते मरत नाहीत.

१६. कापसाची गादी भरून घेणे अजून परवडते का?

३ × ६ फुटांच्या गादीला ८ ते १० किलो कापूस लागतो. किलोचा भाव, पिंजणे-भरणे आणि कापड असा हिशेब वेगवेगळा मागा. आपल्यासमोर भरून घ्या. रस्त्यावर तयार मिळणाऱ्या स्वस्त गाद्यांत कापसाऐवजी चिंध्यांचा रंगीत चुरा निघतो. शिवणीचा एक कोपरा उसवून बघायला नाही म्हणाले, तर पुढच्या दुकानात जा.

पावसात कापूस ओल धरतो आणि गाठी होतात, दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजावा लागतो. पण पिंजल्यावर ती परत नवी होते, हा गुण दुसऱ्या कुठल्याही गादीत नाही. चवथीला जमिनीवर अंथरायला आणि एरवी गुंडाळून ठेवायला तीच बरी. पिंजून घ्यायची तर एप्रिल-मेमध्ये.

१७. यजमान ९० किलो, मी ५०. मला कडक लागते ती त्यांना मऊ. काय करावे?

एकाच पलंगावर ३६ इंचांच्या दोन वेगळ्या गाद्या घाला, जाडी सारखी आणि आतले थर वेगळे. मधली फट दिसू नये म्हणून वर एकच मोठा प्रोटेक्टर. एकच गादी हवी असेल तर भारी माणसाला धरून कडकपणा ठरवा आणि हलक्या माणसाच्या बाजूला दीड-दोन इंचांचा मऊ टॉपर (गादीवर पसरायचा सुटा थर) टाका. उलटे करू नका, मऊ गादी टॉपरने कडक होत नाही.

१८. तान्ह्या बाळासाठी मऊ गादी घेऊ का? आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी?

बाळासाठी मऊ नको. वर्षाच्या आतल्या बाळाला कडक, सपाट गादी हवी, आणि आसपास उशी, लोड किंवा जाड पांघरूण नको. मऊ गादीत तोंड रुतून श्वास अडू शकतो.

आजीसाठी ४-५ इंचांची घट्ट गादी आणि तिच्यावर आलटून पालटून हवा भरणारी एअर गादी, जी औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळते. ती घेतली तरी कूस बदलणे सुटत नाही, दर दोन तासांनी बदलावीच लागते. महागडा मेमरी फोम हा तिचा पर्याय नाही.

१९. दहा वर्षांची वॉरंटी आहे. मध्ये खड्डा पडला, तर नवी देतील ना?

खड्डा किती खोल ते बघून ठरते. बऱ्याच कंपन्या साधारण एक इंचापासून पुढचा खड्डा मानतात, तुमच्या कार्डावर आकडा लिहिलेला असतो. गादीवर कोणी नसताना एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोरी ताणून धरा, सर्वांत खोल जागी पट्टी उभी करा आणि फोटो काढा. 'आता मऊ वाटते' ही तक्रार चालत नाही. डाग, बुरशी, दुमडल्याची खूण, चुकीचा पलंग यांवर दावा फेटाळला जातो.

'प्रो-राटा' शब्द शोधा. त्याचा अर्थ जितकी वर्षे वापरली तितके पैसे कापून उरलेल्याची सूट. आठव्या वर्षी ती नावापुरती असते, तीही आजच्या छापील किमतीवर. दहा वर्षांच्या आकड्यापेक्षा पहिली किती वर्षे पूर्ण बदलून देतात, ते विचारा. पक्के बिल, कार्ड आणि गादीवरची शिवलेली पट्टी यांचे फोटो पहिल्या दिवशीच काढून ठेवा. कागद इथल्या दमट कपाटात टिकत नाहीत.

२०. दुकानदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात. पुढे काय?

आधी दोघांनाही लेखी कळवा, ईमेल किंवा पोस्टाने, बिलाची प्रत जोडून. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, फुकट असते. त्यानेही न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. बिल नसेल तर मात्र सगळेच कठीण. 'बिलाशिवाय घ्या, हजार कमी करतो' याची किंमत ही.

२१. आमचा होमस्टे आहे, सहा खोल्या. घरच्यासारखीच गादी घ्यावी का?

दोन गोष्टी वेगळ्या. बहुतेक वॉरंट्या घरगुती वापरापुरत्या असतात, म्हणून व्यावसायिक वापरासाठीची वेगळी लेखी मागा आणि सहा नगांचा भाव एकत्र करा. दुसरे, धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. स्वतः राबून पोटापुरता चालवलेल्या व्यवसायाला सूट आहे, पण ते तुम्हाला सिद्ध करावे लागते.

मालात : ओले केस आणि वाळू घेऊन येणारे पाहुणे धरून चला. चेनचा धुता येणारा अभ्रा, प्रत्येक गादीला तीन प्रोटेक्टर, मध्यम कडकपणा, ६ इंच. खोली रिकामी असताना एसी बंद आणि दारे-खिडक्या लावलेल्या, यानेच जुलैत गाद्या जातात. आठवड्यातून एकदा तरी खोली उघडून गाद्या उभ्या करा.

२२. जुनी गादी कुठे टाकायची?

नवी घेताना दुकानदाराच्या गळ्यात घालणे सर्वांत सोपे (प्रश्न ९). तो नेत नसेल तर सुटी करा. स्प्रिंगचे लोखंड भंगारवाला नेतो, कापूस पिंजून लोड-तक्क्यांत जातो, चांगला फोम कापून बाकांवर बसतो. उरलेल्यासाठी पंचायतीत किंवा पालिकेत विचारून त्यांच्या ठरलेल्या दिवशी द्या. फोम परसात जाळू नका, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतो.